पाऊस, कशेडी आणि रुंद टायर

जन्मभर समास आणि विभक्ती शिकवलेल्या बाईने मोटारीच्या टायरवर लिहावं, हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसतील. हसू देत. पण मी कशेडीची. घाट चढणाऱ्या ट्रकची घरघर ऐकत आमच्या पडवीत पन्नास पावसाळे गेले आणि आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. त्यामुळे आमच्याकडे जेवताना कोकमाच्या सारासोबत ब्रेक, पाटे आणि टायर हे विषय पानात वाढलेले असायचेच. हे गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. टायरचा विषय मध्यंतरी बंद होता, तो नातवाने परत उघडला.

नातू ठाण्याला असतो. त्याने एक गाडी घेतली, सेकंडहँड, लाल रंगाची, जमिनीला पोट टेकेल की काय अशी बुटकी. आधीच्या मालकाने तिला कंपनीच्या टायरपेक्षा रुंद टायर बसवलेले. २०२५ च्या गणपतीत तो ती घेऊन आला. अंगणात उभी केल्या केल्या मला हाताला धरून चाकाजवळ नेलं. "आजी, हे बघ. साधे टायर नाहीत हे. परफॉर्मन्स टायर. रस्त्याला नुसते चिकटून राहतात."

मी चष्मा लावून वाकले. बाजूवर लिहिलं होतं, २२५/४० आर १८. हे कसं वाचायचं ते ह्यांनी मला कधीच शिकवलं होतं. २२५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे रुंदीच्या मानाने टायरची उंची, शेकडा ४०. आर म्हणजे रेडियल आणि १८ इंचाची रिम. आपल्या जुन्या मारुती ८०० चा टायर १४५ रुंद होता. म्हणजे हा जवळजवळ दीडपट.

रात्री सगळी निजानीज झाल्यावर नातू स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला आणि तिथेच पाटावर बसला. मग हळूच म्हणाला, "आजी, कुणाला सांगू नकोस. महाड सोडल्यावर सरळ रस्ता होता, जोराची सर आली होती. मी नव्वदच्या आसपास असेन. एकदम स्टिअरिंग हलकं झालं. म्हणजे फिरवतोय पण गाडीला कळतच नाहीये असं. दोन सेकंद. मग परत पकडलं." नातसून शेजारी झोपली होती म्हणे, तिला समजलंच नाही. तिला सहावा महिना होता.

"ब्रेक दाबलास?"

"नाही गं. घाबरून पायच उचलला गेला सगळीकडून."

तेच बरं झालं, म्हटलं. आणि त्या रात्री आम्ही दोघं दीड वाजेपर्यंत बोलत बसलो. त्यातलंच पुढे लिहिते आहे, जरा नीट करून, आणि नंतर मी जे वाचून काढलं तेही त्यात घालून.

पावसात टायर रस्ता सोडतो तो दोन निरनिराळ्या तऱ्हांनी, आणि लोक दोन्हींना "गाडी घसरली" असंच म्हणतात. शब्द एकच असल्यामुळे सगळा घोळ होतो.

पहिली तऱ्हा आमच्या जुन्या घाटातली. जूनमधला पहिला पाऊस आला की रस्त्यावर वर्षभर सांडलेलं तेल, घासलेल्या रबराची पूड आणि धूळ यांचा एक बुळबुळीत थर तयार होतो. हे म्हणायचे, पहिल्या सरीला गाडी साबणावर चालते, आणि पुढच्या आठ दिवसांत पाऊसच रस्ता धुऊन काढतो. त्यात भोगावच्या बाजूला रस्ता खचायचा, डोंगर फोडून काम चालू असलं की लाल मातीचा चिखल वाहून यायचा, आणि झाडीखालच्या कडेला शेवाळ. पण तिथे वेग किती? तीस, फार तर चाळीस. इथे पाण्याचा थर पातळ असतो. टायर त्या थराखालच्या खडीच्या बारीक टोकांत किती रुतून बसतो, एवढाच प्रश्न. तो प्रश्न रबराचा आहे.

आणि इथे नातवाचं म्हणणं अगदी बरोबर आहे, हे मला मान्यच करावं लागलं. चांगल्या परफॉर्मन्स टायरचं रबर मऊ असतं, ते खडीच्या कण्याकण्यात शिरतं. पूर्वी टायर मजबूत व्हावा म्हणून रबरात काजळी घालत (अजूनही घालतात, टायर काळा दिसतो तो तिच्यामुळेच). १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिन कंपनीने काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात केली. सिलिका म्हणजे वाळू ज्या पदार्थाची असते, त्याचंच अतिशय बारीक पीठ. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड वाढली आणि शिवाय टायर फिरायला हलका झाला. थंड देशांत हे उन्हाळी मऊ टायर पारा ७ अंशांच्या खाली गेला की कडक होतात, म्हणून तिथे हिवाळ्याचे टायर वेगळे. आपल्याकडे भर पावसातही पंचवीसच्या आसपास असतं, ती चिंता नाही. थोडक्यात, घाटाच्या वळणावर, ओल्या रस्त्यावर, बऱ्या वेगात, नातवाची गाडी आमच्या लाल डब्यापेक्षा कितीतरी घट्ट उभी राहील.

दुसरी तऱ्हा सरळ रस्त्यावरची. ती कशेडीला पूर्वी ठाऊकच नव्हती, कारण इथे सरळ रस्ता नव्हता! आता मुंबई-गोवा रस्ता (आम्ही त्याला अजून सतरा नंबरच म्हणतो, सरकारने त्याचा ६६ करून पंधरा वर्षं झाली) इंदापूर-माणगावचं रडगाणं संपलं की महाडपासून चौपदरी, सिमेंटचा, पाय आपोआप दाबला जाईल असा आहे. पावसाची सर जोराची आली की अशा रस्त्यावर पाणी पत्र्यासारखं पसरतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यामुळे अशा सरी काही नवलाच्या नाहीत. अशा वेळी टायरला आधी आपल्या वाटेतलं पाणी बाजूला सारावं लागतं, मग कुठे जमीन लागते. त्यासाठीच त्या खाचा. लोकांना वाटतं की खाचांमुळे पकड मिळते. खाच म्हणजे गटार. कोरड्या रस्त्यावर खाच नसलेलाच टायर सगळ्यात जास्त चिकटतो, म्हणून तर फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्यात गुळगुळीत टायरवर पळतात आणि पाऊस आला की धावत येऊन खाचांचे टायर बदलतात.

मी नातवाला गणित घालून दाखवलं. (शाळेत गणिताचे सर रजेवर गेले की तो तास माझ्याकडे यायचा, सवय आहे.) रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे असं धर. गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. टायरची रुंदी २२५ मिलिमीटर. तिघांचा गुणाकार कर. सेकंदाला १५ लिटर! आपल्या घरची मोठी कळशी साधारण पंधरा लिटरची आहे. म्हणजे पुढच्या एकेका चाकाने दर सेकंदाला एक भरलेली कळशी उचलून बाजूला ओतायची. मारुती ८०० च्या टायरला त्याच वेगाला दहाच लिटर. रुंद टायरचं काम दीडपट झालं, आणि वेळ मात्र वाढला नाही. टायरचा जो ठसा जमिनीला टेकतो तो हाताच्या पंजाएवढा. रस्त्यावरच्या एखाद्या बिंदूला तो सेकंदाच्या दीडशेव्या भागाहूनही कमी वेळ शिवतो. तेवढ्यात कळशीतला त्याच्या वाटणीचा घोट सरायला हवा. नाही सरला तर पाणी टायरच्या पुढ्यात पाचरीसारखं खाली शिरतं आणि चाक उचलतं. मग गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर असते. नातवाचं हलकं झालेलं स्टिअरिंग ते हेच.

(फॉर्म्युला वनचा भर पावसातला टायर ताशी ३०० च्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो, असं तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते. म्हणजे जवळजवळ सहा कळश्या. पाणवठ्यावर एकही बाई शिल्लक राहणार नाही!)

"पण आजी, रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त टेकणार ना?" हा त्याचा प्रश्न चांगला होता. उत्तर असं की फारसं नाही. गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यांवर ठशाचं क्षेत्रफळ ठरतं. दोन्ही तीच असतील तर क्षेत्रफळही साधारण तेवढंच, फक्त आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, होडीसारखा पाणी कापत जाणारा. रुंद टायरचा ठसा आडवा, पाण्याला छाती देऊन उभा. कोरड्या वळणावर आडवा ठसा छान. साचलेल्या पाण्यावर नाही. म्हणून चांगल्या परफॉर्मन्स टायरला मधोमध दोन-तीन रुंद सरळ चर देतात. नवा असेपर्यंत ते चर आपलं काम चोख करतात.

नवा असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी, गणपती बसायच्या आधी, मी माझी शाळेतली लोखंडी पट्टी घेऊन अंगणात गेले. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. नातवाच्या पुढच्या टायरची मधे जेमतेम अडीच आणि आतल्या कडेला दोन भरली. आतली कडा उभ्याने दिसत नाही, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून बघावं लागतं. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते. खाचांच्या तळाशी मधे मधे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. "म्हणजे अजून लीगल आहे," नातू म्हणाला. आहे ना. पण ३ च्या खाली गेला की पावसातली पकड भराभर उतरते, आणि तीही रुंद टायरची आधी. पस्तीस टक्के मिळवून पास झालेला मुलगा पासच असतो, म्हणून त्याला मी शिकवणीला बसवत नव्हते असं नाही.

याहून मला नवल वाटलं ते हवेचं. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेत वॉल्टर हॉर्न नावाच्या संशोधकाने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक सोपं सूत्र काढलं. टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल ते हवेच्या दाबाच्या वर्गमूळावर अवलंबून असतं. आपल्या मापात सांगायचं तर दाबाचं (पौंडातल्या) वर्गमूळ घ्या आणि साडेसोळाने गुणा. ३६ पौंड हवा असेल तर वर्गमूळ ६, वेग आला ताशी १०० च्या जवळ. तीच हवा २५ वर आली असेल तर ८३. खाचा झिजलेल्या आणि पाणी भरपूर असलेल्या अवस्थेचा हा ढोबळ आकडा आहे. पुढे हॉर्नने स्वतःच दाखवलं की ठशाचा आकारही मोजावा लागतो आणि आखूड-रुंद ठसा याहून आधीच तरंगतो. नातवाच्या पुढच्या डाव्या चाकात २९ निघाली. तिला हवी होती ३५.

गाडीचं वजन या सूत्रात नाही, हे लक्षात आलं का? "गाडी जड आहे, ती कशाला तरंगते" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. वजन वाढलं की ठसा मोठा होतो, दर इंचाचा दाब तेवढाच राहतो. उलट एस.टी.च्या किंवा भरलेल्या ट्रकच्या टायरात शंभर पौंडांच्या वर हवा. शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणजे १६५! ह्यांची गाडी एकतीस वर्षांत एकदाही पाण्यावर तरंगली नाही, त्यात ह्यांच्या हातगुणाइतकाच हवेचाही भाग होता. (हे असते तर हे वाक्य मी लिहिलं नसतं.) धोका असा की भर पावसात शेजारून ट्रक ऐंशीने निवांत जाताना दिसतो, आणि कारवाल्याला वाटतं, तो जातोय तर मी का नको.

ट्रकचा एक उपयोग मात्र आहे. त्याच्या चाकांनी पाणी नुकतंच सारलेलं असतं, तेव्हा बरंच अंतर ठेवून त्याच्या ताज्या पट्ट्यांवरून जावं. हे सिमेंटच्या रस्त्यावर. जुन्या डांबरी रस्त्यावर जिथे चाकं जाऊन जाऊन खोलगट झालेलं असतं तिथे मात्र पाणी नेमकं त्यातच साचतं. त्या खोलगट वाटेला आपल्याकडे किती छान शब्द आहे, चाकोरी. मुलांना निबंधात "चाकोरीबाहेरचं आयुष्य" लिहायची भारी हौस असायची, पण चाकोरी प्रत्यक्ष पाहिलेली वर्गात दोघा-तिघांनीच. पावसात गाडी खरोखरच चाकोरीच्या हातभर बाहेरून घ्यावी.

आता बोगद्याचं. २०२३ च्या गणपतीत कशेडीचा एक बोगदा लहान गाड्यांना तात्पुरता खुला केला, नंतर दुसराही झाला. दोन किलोमीटरच्या आत-बाहेरची लांबी, आणि घाटात जिथे पाऊण तास जायचा तिथे आता दहा मिनिटं. आमच्या पडवीतला आवाज कमी झाला. मला रात्री झोप लागेना, हे वेगळं. पण टायरच्या दृष्टीने बोगदा ही विचित्र जागा. आत रस्ता कोरडा, उजेड एकसारखा, वेग आपोआप वाढतो. (२०२४ च्या पावसाळ्यात आतही पाणी गळत होतं, तेव्हा "कोरडा" हे सावधपणे म्हणते.) आणि तोंडाशी आलं की एका क्षणात धो धो पाऊस, काचेवर पाण्याचा पडदा आणि खाली पाण्याचा थर. घाटात पाऊस हळूहळू वाढत जायचा, ड्रायव्हर त्याच्याबरोबर वेग उतरवत यायचा. इथे कोरड्याचा वेग ओल्यात घेऊन माणूस बाहेर पडतो. ह्यांच्या काळात घाटाचं वळणच वेग ठरवायचं. आता ते काम कुणाचंच नाही.

दोन उलट वळणांच्या मधली जागाही अशीच. रस्त्याचा उतार एकीकडून दुसरीकडे बदलताना मधे थोडं अंतर अगदी सपाट येतं, तिथलं पाणी कुठे जायचं ते ठरवत बसतं. नातवाला मी ती जागा बारकाईने विचारली, तर त्याची घटना साधारण तशाच जागी घडली होती.

मग गौरी येण्याआधी मी त्याला महाडला पिटाळलं, आणि स्वतःही गेले. दुकानात त्या मापाचे दोनच टायर मिळाले. (किंमत ऐकून मी खुर्ची मागितली.) दुकानदाराने सवयीने नवे दोन पुढे लावायला घेतले. नातूही म्हणाला, "बरोबर आहे की. इंजिन पुढची चाकं ओढतं. शिवाय आजोबा नेहमी म्हणायचे, चांगला टायर पुढे."

म्हणायचे. रोज म्हणायचे. रिमोल्ड मागे चालेल, पुढे नाही. पण ते एस.टी.बद्दल. एस.टी.ला मागे चार टायर, एक फुटला तर जोडीदार असतो. पुढे एकच, तो फुटला तर स्टिअरिंग गेलं. तिथे भीती फुटण्याची आहे. पावसात कारची भीती निराळी. पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं होऊन आधी खबर देते, पाय उचलला की बहुतेक वेळा परत येते. नातवाचं तेच झालं. मागची सुटली तर खबर मिळत नाही, गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. त्यात एबीएसही काही करू शकत नाही. असलेली पकड वाटून देणं एवढंच त्याचं काम, नसलेली तो कुठून आणणार? म्हणून दोनच नवे घेतले तर ते मागे, मग इंजिन कुठलीही चाकं ओढो. मोठ्या टायर कंपन्याही हेच सांगतात.

नवऱ्याचं वाक्य नवऱ्याच्याच नातवासमोर खोडणं सोपं नव्हतं. दुकानदार एकदा माझ्याकडे, एकदा नातवाकडे बघत जॅक धरून उभा. शेवटी नातू म्हणाला, "आज्जी म्हणते तसं करा." मागचे जुने टायर साडेचार मिलिमीटर होते, ते पुढे आले. हवा चारही चाकांत ३५.

तिथेच दुकानात एका मुंबईच्या कुटुंबाची गाडी उभी होती, खाचा अगदी कोऱ्या. मी टायरवरचा लंबगोलातला चार आकडी अंक वाचला, १४१६. म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारी गाडी. रबर वाळून कडक, बारीक चिरा गेलेल्या. खाच आहे पण चिकटायला रबर उरलं नाही. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांना ते आवडल्यासारखं दिसलं नाही.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर नातू निघाला, दिवसा उजेडी. माणगावच्या कोंडीतून त्याने फोन केला, की मधे सर लागली होती, साठने आलो, मागचे लोक हॉर्न मारत होते. मारू देत, म्हटलं.

त्याचे झिजलेले दोन टायर तो इथेच टाकून गेलाय, परसात. त्यांत पाणी साचून डास होतात, म्हणून गड्याकडून भोकं पाडून घेतली. एकात अळू लावलंय. दुसऱ्यात मांजर बसतं.